बरगड्यांचे पहारेकरी

दिनांक १२ जून २०१४ रोजी सायंकाळी भिलाईच्या पोलाद कारखान्यातील एका पंपगृहात बिघाड झाला, पाण्याचा दाब उतरला आणि झोतभट्टीच्या वायुशोधन विभागातील वायू बाहेर पसरला. सहा माणसे दगावली. त्यांत दोन उपमहाप्रबंधक होते. कित्येकांना बाधा झाली. झोतभट्टीच्या वायूत साधारणपणे पाचवा ते चौथा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. नोकरीनिमित्त इथे येऊन राहिलेल्या आपल्या मंडळींपैकी जे कारखान्यात काम करतात त्यांना हे ठाऊकच आहे. आणि जे बँकेत, शाळेत किंवा सरकारी कचेरीत आहेत त्यांनीही शेजाऱ्याच्या तोंडून ते ऐकलेले असते. परंतु या वायूविषयी एक गोष्ट सहसा कोणी विचारीत नाही. पाण्यात बुडणारा माणूस धडपडतो, दम्याने बेजार झालेल्याच्या बरगड्या भात्यासारख्या वरखाली होतात. मग या वायूत सापडलेल्या माणसाची छाती का धपापत नाही? तो शांतपणे खाली का कोसळतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर बरगड्या कोणाच्या हुकमाने हलतात, येथून आरंभ करावा लागतो, आणि ती कथा सुमारे अठराशे वर्षांची आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन हा ग्रीक वैद्य पर्गॅमम नगरीत तलवारीने झुंजणाऱ्या ग्लॅडिएटरांवर उपचार करीत असे. पुढे रोममध्ये त्याने पशूंच्या पाठीच्या कण्यातील रज्जू निरनिराळ्या ठिकाणी कापून पाहिली. मानेच्या तळाशी छेद घेतला की बरगड्यांमधील स्नायू निश्चल होत, मात्र पोट आणि छाती यांच्यामधील मध्यपटल आपले काम चालूच ठेवी. छेद मानेत आणखी वर गेला की तेही थांबे. श्वास हा छातीचा स्वतःचा गुण नसून त्याचा हुकूम वरून येतो, एवढे त्यावरून सिद्ध झाले. हुकूम देणारा कोण, हे ठरावयास मात्र सोळाशे वर्षे जावी लागली. १८१२ साली पॅरिसच्या लगाल्वाने सशांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मेंदूचे थर वरून खाली एकेक काढीत जावे, तरी श्वास चालू राहतो. लंबमज्जेतील एक लहानसा भाग नष्ट होताच तो थांबतो. हे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यावाच. परंतु आज शस्त्रक्रियेच्या टेबलावर बेशुद्ध माणसाचा श्वास सांभाळणारा वैद्य त्याच सशांचा ऋणी आहे.

१९५५च्या करारानंतर भिलाईत जे रशियन तज्ज्ञ आले, त्यांच्या शेजारी राहिलेली जुनी मंडळी अद्याप त्यांच्या आठवणी सांगतात. त्यांच्यासाठी एक नाव नोंदवून ठेवतो. या श्वसनकेंद्राचे अधिक नेमके स्थान १८८५ मध्ये कझान येथील निकोलाय मिस्लाव्स्की याने दाखविले, आणि श्वास आत घेविणारा व बाहेर टाकविणारा असे त्याचे दोन भाग असल्याचे प्रतिपादिले.

परंतु केंद्र नुसते हुकूम सोडून स्वस्थ बसत नाही. त्याला खालून खबर लागते. ही गोष्ट १८६८ मध्ये व्हिएन्नात हेरिंग आणि ब्रॉयर या दोघांनी उघडकीस आणली. (हाच ब्रॉयर पुढे फ्रॉइडचा सहकारी म्हणून प्रसिद्धीस आला, त्याचे हे पहिले काम अधिक टिकाऊ ठरले असे माझे मत आहे.) पशूचे फुप्फुस फुगविले की श्वास आत घेणे तत्काळ थांबते, फुप्फुसातील हवा काढून घेतली की ते पुन्हा सुरू होते, आणि मेंदूतून फुप्फुसापर्यंत उतरणाऱ्या दहाव्या तंत्रिका कापल्या की हा सारा व्यवहार नाहीसा होऊन श्वास संथ व खोल होतो. प्रतिक्षिप्त क्रियेने श्वासाचे नियमन होते याचा हा पहिला स्वच्छ पुरावा होय.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत आणखी तीन पहारेकरी सापडले. आपल्या प्रश्नाशी खरा संबंध आहे तो यांचा.

पहिला पहारेकरी रक्तातील कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवतो. १९०५ मध्ये हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी दाखविले की, फुप्फुसातील हवेत हा वायू शेकडा एक चतुर्थांशाहूनही कमी वाढला तरी श्वासोच्छ्वास जवळजवळ दुप्पट होतो. दुसरा पहारेकरी मानेतील मोठ्या रोहिणीच्या फाट्यावर बसलेला, तांदळाच्या दाण्याएवढा पिंड. रक्तातील प्राणवायूचा दाब उतरला की तो श्वसनकेंद्राला जागे करतो. बेल्जममधील गेंटच्या हेमान्सने कुत्र्यांवर प्रयोग करून याचे कार्य सिद्ध केले आणि १९३८चे नोबेल पारितोषिक मिळविले. तिसरा पहारेकरी खुद्द बरगड्यांमध्येच आहे. तेथील स्नायूंत चातीच्या आकाराचे सूक्ष्म तंतुपुंज असतात. मेंदूने सांगितले तितका स्नायू आखडला नाही, वाटेत काही अडथळा आला, तर हे पुंज पाठीच्या रज्जूला कळवितात आणि ती स्नायूला अधिक जोराने ओढावयास लावते. १९६३-६४च्या सुमारास स्टॉकहोममध्ये फॉन ऑयलर आणि कॅनबेरात सिअर्स यांनी मांजरांच्या स्नायूंतून व तंत्रिकांतून हा व्यवहार नोंदला. १९६३ मध्येच इंग्लंडात कॅम्बेल आणि हॉवेल यांनी असे सुचविले की, लावलेला जोर आणि मिळालेली हालचाल यांचा मेळ बसेनासा झाला म्हणजेच आपणांस धाप लागल्याची जाणीव होते.

आता कार्बन मोनॉक्साइडकडे वळू. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे ते अडीचशे पट अधिक घट्ट चिकटतो आणि त्याची जागा बळकावतो. रक्त वाहते, पण त्याच्या गाड्या दुसऱ्याच मालाने भरलेल्या असतात. मात्र रक्तद्रवात विरघळलेल्या प्राणवायूचा दाब पूर्वीइतकाच राहतो. आणि मानेतील पिंड दाब मोजतो, साठा मोजत नाही. म्हणून तो गप्प. कार्बन डायऑक्साइड नेहमीप्रमाणे बाहेर पडतच असतो, म्हणून पहिलाही गप्प. हवा आतबाहेर करण्यास कसलाच अडथळा नाही, तेव्हा बरगड्यांतील पुंजांना तक्रारीचे कारणच उरत नाही. चोराने तिन्ही दारे टाळून आत यावे तसा हा प्रकार आहे. १८९५ साली हॉल्डेनने स्वतः हा वायू हुंगून त्याचे परिणाम टिपले होते. बसलेल्या माणसाला फारसे काही जाणवत नाही. उठून चालू लागला की पाय लटपटतात, आणि तोपर्यंत आपण संकटात आहोत हे ओळखणारी बुद्धीही मंदावलेली असते. अडकलेल्यास सोडविण्यासाठी धावत जाणारा सहकारी बळी पडतो तो यामुळेच. धावणाऱ्याचा श्वास मोठा, म्हणून विषही अधिक वेगाने आत जाते.

आपल्याकडील काही सुशिक्षित माणसे येथे प्राणायामाचा दाखला देतात: ज्याने श्वास साधला त्याला हवेतला दोष कळेल. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी १९२४च्या सुमारास क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने उड्डियानाचा अभ्यास केला. त्यात श्वास बाहेर टाकून, कंठ बंद करून, हवा आत न घेताच बरगड्या वर उचलल्या जातात आणि मध्यपटल वर ओढले जाते. बरगड्यांवर इच्छेची सत्ता किती चालते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही, आणि परंपरेने सांगितलेली गोष्ट यंत्रावर पारखून घेण्याची स्वामीजींची वृत्ती मला फार मोलाची वाटते. पण इच्छेला झाले तरी खबर याच पहारेकऱ्यांकडून मिळावयाची. जी खबर निघालीच नाही ती कोणत्याही साधकापर्यंत पोचणार नाही. हा दाखला देणाऱ्यांनी निदान झोतभट्टीजवळ काम करणाऱ्या तरुणांसमोर तो देऊ नये.

हॉल्डेनने खाणींसाठी सुचविलेला उपाय साधा होता: लहान प्राणी बरोबर न्यावा. उंदराचा किंवा चिमुकल्या पक्ष्याचा श्वास आणि रक्ताभिसरण फार जलद. माणसाच्या कितीतरी आधी तो कोलमडतो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत कॅनरी पक्षी या कामावर १९८६ पर्यंत होते. मग त्यांची जागा विजेवर चालणाऱ्या मापकाने घेतली. पोलाद कारखान्यांत वायूच्या नळांजवळ जाणारा कामगार आज तोच मापक बाळगतो. मुठीत मावेल एवढी ती पेटी वायू वाढला की कर्कश ओरडते. ती बहुधा छातीच्या खिशाला अडकविलेली असते, बरगड्यांच्या अगदी वर.