पाचोळ्यातील प्रोट्युरा : नव्या जातीचे वर्णन कशासाठी?

लिनियसने १७५८ मध्ये प्राण्यांना द्विनाम पद्धती लागू केली. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे आपल्या पायांखालच्या पाचोळ्यातील एक अख्खा प्राणिगण शास्त्राला अज्ञातच राहिला. कारण सोपे आहे. हे जीव जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांब, फिकट रंगाचे आणि पंखहीन असतात. १९०५ मध्ये इटलीतील आंतोनियो बेर्लेसे यांनी पाचोळा उबेने सुकवून त्यातील जीव नरसाळ्यातून खाली बाटलीत उतरवण्याचे उपकरण केले आणि असे जीव गोळा करणे सुकर झाले.

१९०७ मध्ये फिलिप्पो सिल्वेस्त्री यांनी ‘अ‍ॅसेरेंटोमॉन डोडेरोई’ या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. या जीवाला ना डोळे, ना शृंगिका. शृंगिकांचे काम पुढचे पाय करतात. म्हणून सिल्वेस्त्री यांनी ‘प्रोट्युरा’ हा नवा कीटकगण मांडला. बेर्लेसे यांना हे पटले नाही. अंड्यातून बाहेर पडताना या जीवाच्या उदराचे नऊ खंड असतात आणि वाढीत ते बारा होतात. कीटकांत असे घडत नाही. गोम-वाणी यांच्या वर्गातील काही प्राण्यांत घडते.

आज प्रोट्युरांना सहापायी प्राण्यांत, पण सहसा खऱ्या कीटकांबाहेर ठेवतात. वर्गीकरण बदलले, तरी जातीचे नाव टिकले. म्हणूनच वर्णनासोबत आकृत्या द्याव्या लागतात आणि मूळ नमुना जपावा लागतो. तो नसता, तर हा वाद तुम्ही कशाच्या आधारे तपासला असता?