खाण नाही, पण घरोघरी तांबं

आजचा भाग तांब्याचा आणि कथलाचा. पहिला प्रश्न साहजिकच हा, की यवतमाळ जिल्ह्यात तांब्याची खाण होती का? थेट सांगतो, आपला जिल्हा तांब्याचा नाही. आणि म्हणूनच गोष्ट जास्त मजेशीर आहे.

जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टवर बसलाय. विहीर खणा, हाच लागतो. वणी, झरी जामणीकडे गेलं की तो सरतो, आणि चुनखडी आणि कोळसा सुरू होतो. म्हणून राजूरला चुनाभट्ट्या आणि वणीला वेकोलिच्या खाणी. तांबं हवं तर आणखी पूर्वेच्या जुन्या खडकात जावं लागतं. चंद्रपूरचं ठाणेवासना, नागपूर जिल्ह्यातलं पुलर-परसोडी, इथं त्याचे साठे सापडलेत. मोठी खाण मात्र बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंडला. हिंदुस्थान कॉपरचं तिथलं काम 1982 पासूनचं. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण 1956 पर्यंत यवतमाळ आणि बालाघाट एकाच राज्यात होते आणि राजधानी होती नागपूर. आणि कथील? ते त्याहून लांब, बस्तरच्या जंगलात.

याच बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया नावाचं गाव आहे. 1870 मध्ये तिथं जमिनीखालून तांब्याची 424 हत्यारं निघाली, आणि सोबत चांदीचे 102 पातळ पत्रे. तांब्याचं एकूण वजन 829 पौंड, म्हणजे पावणेचार क्विंटल! भारतात सापडलेल्या तांब्याच्या साठ्यांमधला हा एक सगळ्यात मोठा. ते तांबं मलाजखंडचंच असं यावरून सिद्ध होत नाही, पण या पट्ट्यात हजारो वर्षांपूर्वी इतका धातू एका जागी गोळा होत होता, हे नक्की.

आता नागपूरजवळ माहुरझरीला या. इथं लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत, म्हणजे मोठमोठ्या दगडांची गोल मांडणी करून केलेली दफनं. त्यात लोखंडाच्या हत्यारांसोबत घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने निघाले. पण मला थक्क केलं ते तिथल्या काशाने. काही वस्तूंमध्ये कथलाचं प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास आहे. इतकं कथील घातलं की धातू ठिसूळ होतो, घण घातला तर तडकतो. उपाय असा, की तो लाल तापवायचा, गरम असतानाच ठोकायचा आणि मग पाण्यात बुडवायचा. माहुरझरीच्या कारागिरांना हे जमत होतं, तेही अडीच हजार वर्षांपूर्वी.

लांबची गोष्ट वाटते? आजी ज्या काशाच्या वाटीनं तळपाय घासायची, ती वाटी आठवा. तिच्यातही तांबं-कथलाचं प्रमाण जवळपास तेच असतं.

कथलाची दुसरी जागा म्हणजे कल्हई. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कथलाचा थर द्यायचा. कल्हईवाला भाता मारून भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा आणि कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसायचा. यामागचं शास्त्र सोपं आहे. कथील 232 अंशांना वितळतं, तांबं 1085 ला. त्यामुळे भांड्याला काही न होता आत चांदीसारखा थर बसतो. नवसागर तांब्यावरचा काळा थर काढतो, नाहीतर कथील धरतच नाही. हे कल्हईवाल्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं.

म्हणजे बघा, आपल्या जिल्ह्यातला तांब्याचा इतिहास खाणीत नाही. तो वाहतुकीत, बाजारात आणि हातांमध्ये आहे. खाण असली की मागे खड्डा तरी उरतो. हाताची विद्या गेली की काहीच उरत नाही.

आणि हा धातू स्वतःचा इतिहास स्वतःच पुसतो. जुनं भांडं मोडीत जातं, वितळतं, नवं होतं. ही सवयही फार जुनी आहे. गुंगेरियाची हत्यारं आपल्यापर्यंत आली कारण ती कोणीतरी पुरली आणि परत काढलीच नाहीत. घरातली घागर, घंगाळ, हंडा मात्र दुकानाच्या तराजूवर चढतात, आणि आपण फक्त किलोचा भाव विचारतो.

पण त्या भांड्याच्या काठाखाली टिंब-टिंब करून कोरलेलं नाव असतं. कोणाचं लग्न, कोणी दिलं, कधीकधी साल आणि गावही. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर कधी चढलं नाही, तिचं नाव हंड्यावर सापडतं. भट्टीत तेही जातं.

तर मंडळी, घरी माळ्यावर भांडी असतील तर एवढं करा. मोडीत द्यायची तर द्या, प्रत्येक घरात जागा असते असं नाही. पण त्याआधी चिंच लावून घासा, कोरलेल्या अक्षरांचा उजेडात फोटो काढा, आणि नाव कोणाचं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. पुढच्या भागात वणीच्या कोळशाकडे जाऊ. तोवर भेटत राहू.