माला पायवाट, उलुरू

माला पायवाट : मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील उलुरू या पवित्र प्रस्तराच्या वायव्य पायथ्याशी, माला वाहनतळापासून कांजू घळीपर्यंत जाणारी, जाऊन-येऊन सुमारे २ किमी. लांबीची सपाट पायवाट. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर या वाटेने पर्यटकांना जे विनामूल्य माहितीपर पदभ्रमण घडवतात, तेही याच नावाने ओळखले जाते. उलुरूला पूर्ण वळसा घालणारी वाट १०.६ किमी. लांबीची आहे, तिच्या तुलनेत ही वाट अगदीच छोटी असली, तरी ती चालायला दीड-दोन तास लागतात, कारण येथे चालण्यापेक्षा थांबून ऐकण्यात अधिक वेळ जातो.

उलुरू हे नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात, ॲलिस स्प्रिंग्ज शहरापासून रस्त्याने सुमारे ४५० किमी.वर आहे. भोवतालच्या सपाट मैदानातून ते ३४८ मी. उंच उभे राहते व त्याचा घेर ९.४ किमी. भरतो. फेल्डस्पार या खनिजाचे प्रमाण अधिक असलेल्या भरड वालुकाश्माचा (आर्कोज) तो एकसंध उंचवटा असून, सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी जवळच्या पर्वतांची झीज होऊन साचलेल्या गाळापासून हा खडक घडला. पुढे भूकवचातील हालचालींमुळे हे थर इतके कलले की, आज ते जवळजवळ उभे आहेत. मूळ खडक करड्या रंगाचा आहे. पृष्ठभागावरील लोह गंजल्यामुळे त्याला प्रसिद्ध तांबडा रंग आला.

या भूमीचे पारंपरिक मालक आनंगू होत. पिजांजारा आणि यांकुन्जजारा या भाषा बोलणाऱ्या येथील आदिवासींना ही संज्ञा आहे. त्यांच्या जीवनाचा आधार जुकुर्पा हा आहे. सृष्टी घडवणाऱ्या पूर्वजांच्या कथा, त्या कथांतून आलेला कायदा, नातेसंबंधांचे नियम आणि जमिनीची देखभाल करण्याचे ज्ञान हे सर्व त्यात एकत्र येते. हे पूर्वज एकाच वेळी माणसेही असतात आणि प्राणीही, आणि त्यांनी जेथे मुक्काम केला, लढाई केली किंवा देह ठेवला तेथील खडकांत त्यांच्या खुणा राहिल्या आहेत. त्यामुळे उलुरूवरील भेग, भोक वा डाग यांपैकी बहुतेकांना कथेत जागा आहे. मात्र प्रत्येक कथा प्रत्येकासाठी नसते. काही फक्त स्त्रियांच्या, काही फक्त दीक्षित पुरुषांच्या असतात. पर्यटकाला सांगितला जातो तो लहान मुलांनाही सांगता येईल एवढाच भाग.

पायवाटेला नाव मिळाले ते माला या पूर्वजांवरून. माला म्हणजे तांबूस रंगाचा, सशाएवढा लहान वॉलबी. कथेनुसार माला लोक उत्तरेकडून येथे आले, पुरुषांनी उलुरूच्या माथ्यावर विधीचा खांब रोवला आणि इन्मा, म्हणजे गायन-नृत्याचा विधी, सुरू झाला. तेवढ्यात पश्चिमेकडील विंताल्का लोकांचे आपल्या विधीसाठीचे आमंत्रण आले. पण एकदा सुरू झालेली इन्मा अर्ध्यावर सोडता येत नसल्याने माला लोकांनी नकार दिला. अपमानित झालेल्या विंताल्कांनी सूड म्हणून कुर्पान्य हा कुत्र्यासारखा दुष्ट जीव निर्माण करून पाठवला. लूंपा या खंड्या पक्ष्याच्या रूपातील स्त्रीने वेळीच इशारा दिला, पण कोणी मनावर घेतले नाही; कुर्पान्यने दोघांना मारले आणि उरलेले माला दक्षिणेकडे पळाले. कथा ऐकताना थरार वाटतो तो कुर्पान्यचा. आनंगू मुलांना मात्र ती हाती घेतलेले काम पूर्ण करावे आणि धोक्याचा इशारा कानाआड करू नये, एवढ्यासाठी सांगितली जाते.

वाटेवरील गुहांना आनंगू कुल्पी म्हणतात आणि माला लोकांच्या मुक्कामाची मांडणी या गुहांतून समजते. कुल्पी मिन्यमाकू ही स्त्रियांची स्वयंपाकाची गुहा. येथे गवताचे बी दगडावर वाटून त्याच्या भाकऱ्या निखाऱ्यांत भाजत. कुल्पी न्यीनकाकू येथे वयात येणाऱ्या मुलांना वडीलधारे शिकार व प्रदेशाची माहिती शिकवीत. तिच्या भिंतींवर आणि छतावर चित्रे आहेत. म्हाताऱ्यांचा मुक्काम जिल्पी पाम्पा कुल्पी या गुहेत असे, तर पुरुष विधीची तयारी वेगळ्या गुहेत करीत. माला पुटा हे स्थान स्त्रियांचे असून तेथे छायाचित्र घेऊ नये अशी सूचना फलकावर असते. त्या खडकाचे तपशील जुकुर्पाचाच भाग आहेत आणि ते मूळ जागीच पाहिले जावेत, हे त्यामागचे कारण. शेवटी कांजू घळ लागते. उभ्या कड्यांच्या तळाशी असलेल्या या पाणवठ्यावर पावसानंतर धबधबे कोसळतात. एरवी खडकावरील काळे पट्टेच पाण्याची वाट दाखवतात.

चित्रांसाठी गेरू, राख आणि कोळसा पाण्यात कालवून वापरीत. एकात एक काढलेल्या वर्तुळांचा अर्थ कधी पाणवठा, कधी मुक्काम असा संदर्भाने बदलतो, म्हणून चित्रांचे सरधोपट ‘वाचन’ करता येत नाही. विसाव्या शतकात काही काळ पर्यटकांचे वाटाडे छायाचित्रांत रंग उठून दिसावेत यासाठी चित्रांवर पाणी मारीत. त्याने झालेले नुकसान भरून निघण्यासारखे नाही.

हे पदभ्रमण जेथून सुरू होते, तेथूनच पूर्वी माथ्यावर चढण्याची वाट जात असे. विल्यम गॉस या सर्वेक्षकाने १८७३ मध्ये उलुरूला साउथ ऑस्ट्रेलियाचे मुख्य सचिव हेन्री एअर्स यांच्यावरून ‘एअर्स रॉक’ असे नाव दिले. पुढे पर्यटन वाढले आणि १९६४ मध्ये चढण्यासाठी साखळी बसवण्यात आली. चढाईची वाट माला पुरुषांच्या मार्गावरूनच जात होती, आणि आपल्या भूमीवर कोणी दगावला तर त्याचे उत्तरदायित्व आनंगू स्वतःवर घेतात; अशा स्थितीत चढाईत किमान ३७ माणसे मरण पावली. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी शासनाने जमिनीची मालकी आनंगूंना परत दिली, पण ती हाती पडते न पडते तोच ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ती राष्ट्रीय उद्यानासाठी शासनाकडे सोपवावी लागली. उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळात आनंगूंचे बहुमत असूनही चढाई आणखी ३४ वर्षे चालू राहिली. दरम्यान आनंगूंच्या हाती ‘चढू नका’ अशा विनंतीच्या फलकांपलीकडे फारसे काही नव्हते. खडकावर रांगेने चढणाऱ्यांना ते मिंगा, म्हणजे मुंग्या, म्हणत. चढणाऱ्यांचे प्रमाण घटल्यानंतर मंडळाने २०१७ मध्ये एकमताने निर्णय घेतला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. तेव्हापासून पायथ्याची पदभ्रमणे हेच उलुरू पाहण्याचे मुख्य साधन आहे. स्थळाच्या आकलनाच्या दृष्टीने पाहता यात पर्यटकाचे काहीच गेलेले नाही. वरून दिसत होते ते भोवतालचे मैदान, उलुरू नव्हे.

ज्याच्या नावाने ही वाट आहे तो माला प्राणी मात्र कोल्हे, मांजरी आणि बदललेल्या वणव्यांमुळे विसाव्या शतकातच या परिसरातून नाहीसा झाला होता. २००५ मध्ये उद्यानातील सुमारे १७० हेक्टरच्या कुंपणबंद क्षेत्रात २४ माला आणून सोडण्यात आले.

उद्यानातील इतर वाटांपैकी मुतिजुलू पाणवठ्याकडे जाणारी कुनिया वाट (सुमारे १ किमी.) अजगररूपी कुनिया स्त्री आणि विषारी सर्परूपी लिरू यांच्या लढाईची कथा सांगते. युनेस्कोने उद्यानाला १९८७ मध्ये नैसर्गिक आणि १९९४ मध्ये सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात काटा जुटा या ३६ घुमटाकार खडकांच्या समूहाचाही समावेश आहे. तेथील ७.४ किमी.च्या ‘व्हॅली ऑफ द विंड्स’ वाटेचा पुढील भाग, तापमान ३६° से. किंवा अधिक जाण्याचा अंदाज असल्यास, सकाळी ११ नंतर बंद ठेवतात. काटा जुटाच्या कथा पुरुषांच्या कायद्यात मोडतात आणि दीक्षा न घेतलेल्यांना त्या सांगितल्या जात नाहीत. म्हणून या नोंदीतही त्या नाहीत.