ट्रेनिंगचे अखेरचे दिवस आणि आमची बोर्डिंगे

महाराष्ट्रातील मुसलमानांचा इतिहास लिहायला बसले की आपली लेखणी सुलतान, सूफी आणि किल्ले यांच्याकडे वळते. त्यात वावगे काही नाही. पण दक्षिण महाराष्ट्रातल्या एखाद्या खेड्यातील मुस्लिम घरात जाऊन विचारा की, तुमच्या खानदानात पहिला पगार कोणी आणला? दहापैकी कितीतरी घरांतून एकच उत्तर येते: "आमचे अब्बा मास्तर होते." हा प्राथमिक शाळेचा मास्तर कुठून आला, कसा घडला, कोणाच्या आधाराने शहरात राहिला, याचा इतिहास मात्र आपण लिहिला नाही. त्याच्या वाटेवर दोन मुक्काम होते. एक शहरातले बोर्डिंग आणि दुसरे ट्रेनिंग कॉलेज. या दोन मुक्कामांविषयी थोडे बोलावे म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात १८८२ पासून करावी लागते. त्या वर्षी हंटर आयोग नेमला गेला. महात्मा जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी या आयोगापुढे निवेदन दिले. त्यांचे एक म्हणणे असे होते की, प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत आणि ते प्रशिक्षित असावेत. नांगराची मूठ धरायला ज्याला लाज वाटत नाही, तोच खेड्यातल्या मुलांत मिसळू शकेल. स्वतः जोतीराव आणि सावित्रीबाई शिक्षक म्हणून उभे राहिले, तेव्हा त्यांच्याजवळच्या माणसांत फातिमा होती. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात तिचे नाव आहे. त्याच हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार करताना, जिथे गरज असेल तिथे मुसलमान शिक्षकांसाठी नॉर्मल स्कूल किंवा नॉर्मल वर्ग काढावेत, अशी शिफारस केली. म्हणजे आधी शिक्षक तयार करा, मग शाळा चालेल, हे फुले आणि आयोग दोघांनाही कळत होते. अडचण एवढीच होती की, खेड्यातला अत्तार, मुलाणी, बागवान, शिकलगार यांचा मुलगा शहरात येऊन राहणार कुठे आणि खाणार काय?

या प्रश्नाचे उत्तर कोल्हापुराने दिले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि नंतर एकामागून एक बोर्डिंगे निघत गेली. जैन बोर्डिंग १९०१ चे, लिंगायत बोर्डिंग १९०७ चे, अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चे. मुसलमानांतून कोणी पुढाकार घेईल म्हणून महाराजांनी वाट पाहिली. शेवटी १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद खुद्द महाराजांनी स्वीकारले. दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. जागा दरबाराची होती आणि मदतही दरबाराची. एका हिंदू राजाने मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष व्हावे, कुराणाच्या मराठी भाषांतरासाठी पदरचा पैसा खर्च करावा, ही गोष्ट आज कित्येकांना दंतकथा वाटेल. आम्हांला ती दंतकथा वाटत नाही, कारण त्या बोर्डिंगाच्या छपराखाली आम्ही झोपलो आहोत.

आता एक आक्षेप. जातवार बोर्डिंगे काढून शाहू महाराजांनी जाती पक्क्या केल्या, असे काही अभ्यासक म्हणतात. आक्षेप सरळ झटकून टाकण्यासारखा नाही. जैन बोर्डिंगातच राहणाऱ्या भाऊराव पाटलांची गोष्ट प्रसिद्ध आहे. मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी अंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. म्हणजे बोर्डिंगाच्या भिंती होत्याच. पण दुसरी बाजूही पाहावी. त्या काळात एका पंगतीला बसायला लोक तयार नव्हते. पंगत एक होईपर्यंत मुलांना थांबवून ठेवले असते, तर दोन पिढ्या शाळेबाहेर गेल्या असत्या. महाराजांनी आधी प्रत्येकाला छप्पर दिले आणि ही छपरे एकाच शहरात, बरीचशी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर ठेवली. भिंती राहिल्या, पण मुले भिंतीवरून उड्या मारू लागली. ज्या भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले, त्यांनीच १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग काढले आणि त्याला छत्रपती शाहूंचेच नाव दिले. १९२७ साली महात्मा गांधी तिथे आले. मुले एकत्र रांधतात, एकत्र जेवतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

बोर्डिंग झाले, आता ट्रेनिंग. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. सक्ती आली म्हणजे गावोगाव शाळा आल्या आणि शाळा आल्या म्हणजे मास्तर लागले. पुढे १९३५ साली रयत शिक्षण संस्थेने साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले, तेच नंतर महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. तिथून बाहेर पडलेल्या तरुणांनी सातारा जिल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर देवळात, चावडीत, झाडाखाली शाळा भरवल्या. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा एक-दोन वर्षांचे ट्रेनिंग करून मास्तर होत असे. गावात त्याचा मान पाटलाच्या खालोखाल.

ट्रेनिंगच्या अभ्यासक्रमालाही आपल्या एका माणसाचा हात लागला आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, पुढे राष्ट्रपती झालेले. हाताला काम देऊन शिकवायचे, ही त्या योजनेची दिशा. त्यामुळे ट्रेनिंग कॉलेजात टकळी आली, सूतकताई आली, बागकाम आले. आमच्या आधीच्या पिढीचे मास्तर ट्रेनिंगच्या आठवणी सांगताना टकळीवाचून पुढे सरकत नसत.

आमची पिढी डी.एड.ची. साल १९८८. आम्ही पन्हाळा, शाहूवाडी, कागल अशा तालुक्यांतून आलेलो. घरी दखनी, गावात मराठी, मशिदीत अरबी आणि ट्रेनिंगला पुस्तकी मराठी, अशा चार जिभा घेऊन फिरणारे. दोन वर्षे कशी गेली ते कळले नाही. शेवटचा महिना मात्र दिवसागणिक लक्षात आहे. कारण त्या वर्षी रमजान एप्रिलच्या मध्यावर सुरू झाला आणि आमच्या वार्षिक पाठांवर व लेखी परीक्षेवर बरोबर येऊन बसला.

ज्यांनी हे ट्रेनिंग केले नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्षभर सराव पाठ घ्यायचे, प्रत्येकाचे टाचण काढायचे, दुसऱ्याच्या पाठाचे निरीक्षण वहीत लिहायचे. शेवटी वार्षिक पाठ. बाहेरचे परीक्षक वर्गात मागच्या बाकावर बसतात आणि तुमची दोन वर्षे एका तासिकेत मोजली जातात. पाठाला साधने लागतात, तक्ते लागतात. पैसे तर खानावळीच्या बिलालाही पुरत नसत. मग एकाच कार्डशीटच्या दोन्ही बाजूंना तक्ते काढायचे. एका बाजूला पर्जन्यचक्र, दुसऱ्या बाजूला शिवरायांचा राज्याभिषेक. आमच्यातल्या एकाचे वडील पाट्या रंगवत. त्याचे अक्षर मोत्यासारखे. तराविह आटोपली की बोर्डिंगाच्या व्हरांड्यात दिव्याखाली तो तक्त्यांवर शीर्षके घालत बसे आणि शेजारच्या बोर्डिंगातली मुले आपापले तक्ते घेऊन त्याच्यापुढे रांग लावत. मोबदला म्हणून कोणी केळी आणी, कोणी खजूर. सहरीला उठवायचे काम एका मराठा मित्राने आपणहून अंगावर घेतले होते. तो पहाटे अभ्यासाला उठे. उठला की आमच्या खिडकीवर काठी वाजवी आणि मग पुस्तक उघडी.

याच दिवसांतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्यातल्या एकाने वार्षिक पाठासाठी मराठी कविता निवडली. परीक्षकांनी नाव वाचले आणि विचारले, "तुम्ही गणित का नाही घेतलेत? मराठी कविता तुम्हांला झेपेल का?" परीक्षक वाईट मनाचे नव्हते, सूर काळजीचाच होता. पण त्या काळजीच्या तळाशी जे होते ते आम्हां सर्वांना कळले. त्याने उत्तर दिले नाही, पाठ घेतला. त्याची आई जात्यावर ओव्या म्हणणारी, तो त्या ओव्या ऐकत वाढलेला. त्याने चालीवर कविता म्हटली, वर्ग त्याच्यामागून म्हणू लागला. गुण चांगले पडले. पण संध्याकाळी इफ्तारला बसल्यावर तो इतकेच म्हणाला, "हा सवाल मला जन्मभर विचारला जाणार." आणि तसेच झाले. बदली होऊन नव्या शाळेत गेले की पहिला प्रश्न तोच: उर्दू शाळेत का नाही गेलात?

या प्रश्नाला आमच्या समाजातूनही जोड मिळे. कोणी म्हणत, मराठीतून शिकवणारा मुसलमान मास्तर आपली जबान विसरेल. आमचा अनुभव उलटा आहे. ज्या गावात मुस्लिम घरे चार, तिथे उर्दू शाळा निघणे अशक्य. तिथल्या मुलांपुढे मराठी शाळा किंवा शेळ्या राखणे, एवढेच दोन पर्याय होते. त्या मराठी शाळेत एक मुसलमान मास्तर उभा असला की मुसलमानाचे पोर हजेरीपटावर टिकत असे आणि इतर पोरांनाही मुसलमान म्हणजे काय हे पुस्तकाऐवजी माणसावरून कळत असे. त्याचबरोबर उर्दू माध्यमाच्या डी.एड.मधून निघालेल्या भावंडांनी मोठ्या गावांत उर्दू शाळा तगवल्या. दोघांची कामे वेगळी, पण समाजाला दोघेही लागत होते.

एक उणीव मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे. ही बोर्डिंगे मुलग्यांची होती. आमच्या बरोबरीच्या मुस्लिम मुली ट्रेनिंगला होत्या, पण बोटांवर मोजण्याइतक्या. ज्यांची खाला किंवा फुफी शहरात राहत होती त्याच आल्या. नातेवाईक नसेल तर मुलीचे शिक्षण सातवीला नाही तर दहावीला संपले. रयतने १९४२ साली साताऱ्यात शिक्षिकांसाठी जिजामाता ट्रेनिंग कॉलेज काढले. फातिमाचे नाव अभिमानाने घेणाऱ्या आमच्या समाजाला मुलींच्या वसतिगृहाचा विचार सुचायला त्यानंतरही किती दशके लागली! मुलींची बुद्धी कमी पडली नाही, खोली कमी पडली.

ट्रेनिंगचा अखेरचा दिवस निरोप समारंभाचा. गटाचा फोटो, वह्यांत एकमेकांचे पत्ते. त्याआधीच सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून कार्ड घ्यायची धांदल उडालेली. ईदला गावी गेलो ते लोखंडी पेटी घेऊनच. वर्ष-दोन वर्षांत आमच्यातले बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळांत लागले. त्या पगारावर बहिणींची लग्ने झाली, भाऊ शिकले, घरावर कौले चढली. आज त्याच घरांत अभियंते, वकील, डॉक्टर आहेत.

मग ही वाट कुठे बंद झाली? २००० साली शिक्षणसेवक योजना आली. कायम नोकरीआधी तीन वर्षे प्राथमिक शिक्षकाने दरमहा ३००० रुपयांवर काम करायचे. त्याच दशकात खासगी डी.एड. कॉलेजे भरमसाट निघाली. जमिनी विकून फी भरली गेली. २०१२ साली शिक्षकभरती थांबली आणि २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा लागू झाली. वर्गाचा दर्जा राखायला परीक्षा हवी, याबद्दल दुमत नाही. पण भरतीच थांबल्यावर पात्र झालेला तरुण करणार काय? डी.एड.च्या जागा रिकाम्या राहू लागल्या, कॉलेजांना कुलपे लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. हीच शिक्षकाची किमान पात्रता ठरवली आहे. दोन वर्षे शहरात राहून मास्तर होणाऱ्या खेड्यातल्या मुलाला आता चार वर्षे राहावे लागेल. २००१ च्या जनगणनेनुसार देशातील मुसलमानांची साक्षरता ५९.१ टक्के होती आणि एकूण सरासरी सुमारे ६५ टक्के. ही दरी सच्चर समितीने २००६ साली सर्वांपुढे मांडली. ती बुजवायची तर राहण्याची सोय हा पुन्हा पहिला प्रश्न होतो. १९०६ सालीही तोच पहिला प्रश्न होता.

आज वसतिगृह म्हटले की समाजात चर्चा होते ती स्पर्धा परीक्षांची. मुंबईच्या हज हाउसमध्ये २००९ पासून सनदी सेवांच्या परीक्षेसाठी निवासी मार्गदर्शन सुरू झाले, ही आनंदाची बाब आहे. पण एक कलेक्टर घडवण्यासाठी जेवढा उत्साह दाखवतो, त्याच्या निम्मा तरी शंभर मास्तर घडवण्यासाठी दाखवायला नको का? कलेक्टर जिल्ह्यात एक असतो. मास्तर प्रत्येक गावात असतो.

म्हणून दोन कामे सुचवाविशी वाटतात. पहिले, जुन्या बोर्डिंगांची हजेरीबुके, खानावळीच्या वह्या, गटांचे फोटो जिथे उरले असतील तिथून गोळा करावेत. कोण कुठल्या गावातून आला आणि कुठल्या शाळेत मास्तर झाला, याची यादी करावी. आमच्या आधीचे बरेच लोक आता अल्लाला प्यारे झाले आहेत. जे आहेत त्यांच्याशी या वर्षीच बोलले पाहिजे. दुसरे, शहरात आपल्या जमातीच्या ज्या इमारती वर्षातून चार लग्नांपुरत्या उघडतात, त्यांतल्या चार खोल्या शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलींना द्याव्यात. जमीन, विटा, छप्पर सगळे आहे. शाहू महाराजांना तर हे सारे शून्यातून उभे करावे लागले होते.