काचेच्या पेटीतले भांडखोर मासे

बांधावरून दोन शेजारी हातघाईवर आले, की चावडीवर कोणीतरी म्हणतोच, भांडण माणसाच्या रक्तातच आहे! हे खरे आहे का? गेल्या शतकात या प्रश्नावर विद्वानांत मोठा वाद झाला. आणि गंमत अशी, की त्या वादाचे एक मूळ घरात पाळलेल्या माशांत होते.

काचेत मासे पाळण्याची विद्या तशी अलीकडची. १८५० साली लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १२ गॅलनच्या काचपात्रात दोन सोनमासे, पाणगवत आणि गोगलगाई ठेवल्या. गवत प्राणवायू देई, गोगलगाई कुजका पाला खात, मासे सुखाने जगत. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि लवकरच घरोघरी काचेच्या पेट्या आल्या.

पुढे या पेट्यांत सिक्लिड कुळातले मासे आले. या कुळाच्या दीड हजारांहून अधिक जाती आहेत, बहुतेक आफ्रिका-अमेरिकेतल्या. आपल्या देशात मूळच्या तीनच. गोव्याच्या खाड्यांत मिळणारी काळुंदर त्यांतलीच. हौशी लोकांना यांचे रंग आवडत, पण स्वभावाने ते हैराण होत. पेटीत नवा मासा सोडला, की जुना त्याच्यावर धावून जाई, पर फाडी, प्रसंगी जीवही घेई.

पण जोडी जमली, अंडी झाली, की त्या रागाचा अर्थ कळे. नर-मादी मिळून दगड साफ करीत, अंड्यांना परांनी वारा घालीत, वाळूत खळगा करून पिले सांभाळीत. म्हणजे तो राग घरट्याच्या राखणीचा होता.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ आल्टेनबर्ग येथे कोनराड लोरेन्झ हे प्राणिशास्त्रज्ञ हेच पाहत बसत. १९४९ च्या पुस्तकात त्यांनी एका रत्नमाशाची हकिगत दिली आहे. संध्याकाळी बाप भटकी पिले तोंडात धरून घरट्यात नेत होता. तोंडात गांडूळ असतानाच एक चुकलेले पिलू दिसले. त्याने तेही तोंडात घेतले. आता काय? एक गिळायचे, दुसरे जपायचे! मासा क्षणभर थबकला. मग दोन्ही बाहेर टाकली, पिलावर नजर ठेवून गांडूळ खाल्ले आणि पिलू घरी नेले.

दुसरी गोष्ट त्यांच्या १९६३ च्या ग्रंथातली. जोडी अगदी एकटी ठेवली, तर भांडायला परका न उरल्याने नर मादीवरच उठे. उपाय असा, की पेटीत मधोमध काच लावून पलीकडे दुसरी जोडी ठेवायची. मग शेजाऱ्यावर राग काढायचा आणि घरात सलोखा! काचेवर शेवाळ वाढून शेजारी दिसेनासा झाला, की घरात पुन्हा धुसफूस. काच पुसली, की शांतता.

यावरून लोरेन्झ म्हणाले, की माणसातही राग असाच साठतो आणि त्याला वाट द्यावी लागते. १९७३ साली त्यांना दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पण ते प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी. माशावरून माणसाबद्दल काढलेला तो निष्कर्ष पुष्कळ शास्त्रज्ञांनी मान्य केला नाही. अशी उडी किती महाग पडते, हे त्यांच्याच चरित्रात दिसते. १९३८ साली ते नाझी पक्षात गेले होते, आणि १९४० साली माणसाळलेल्या जनावरांवरून माणसाच्या वंशशुद्धीची भाषा त्यांनी केली होती. त्या भाषेने युरोपात काय केले, ते सांगायला नको.

१९८६ साली स्पेनमधील सेव्हिल येथे निरनिराळ्या देशांच्या शास्त्रज्ञांनी एक निवेदन काढले. युद्ध माणसाच्या रक्तात आहे असे म्हणणे शास्त्राला धरून नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. १९८९ साली युनेस्कोने ते स्वीकारले.

शिक्षकबंधूंनो, शाळेत अशी पेटी ठेवलीत, तर मुलांना जरूर पाहू द्या. सपाट दगड ठेवा, मासे मोजकेच ठेवा, दुबळ्याला लपायला जागा द्या. मुलांनी त्या बापाचे वात्सल्य पाहावे, रागही पाहावा. मात्र बांधावरच्या भांडणाला माशाची साक्ष काढू नये. माशाला हद्द राखायला दातच आहेत. आपल्याला मोजणीची साखळी आहे, पंच आहेत, बोलायला तोंड आहे.