कॉट्सवोल्ड्सला जाताय? गाडी नसेल तर मुक्काम कुठे कराल?

लंडन पाहून झालं की इंग्लंडचा ग्रामीण भाग पाहायला अनेक पर्यटक कॉट्सवोल्ड्सला जातात. मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाची घरं आणि मेंढ्यांची कुरणं ही इथली ओळख. हा परिसर सुमारे २,०३८ चौरस किलोमीटरचा, म्हणजे बृहन्मुंबईच्या तिपटीहून मोठा आहे. रोज हॉटेल बदलण्यापेक्षा एकाच गावात राहून आसपास फिरणं सोपं जातं. पण ते गाव चुकलं, तर सुट्टीचा बराच वेळ बसथांब्यावर जातो.

सुंदर गाव की सोयीचं गाव?

बोर्टन-ऑन-द-वॉटर आणि बायबरी ही फोटोंमुळे गाजलेली गावं. त्यामुळे पहिलं बुकिंग तिथंच करावंसं वाटतं. मात्र या दोन्ही गावांत रेल्वे स्टेशन नाही. दुपारी गर्दी असते, संध्याकाळी मोजकेच पर्याय उघडे राहतात. गाडी नसेल तर अशी गावं पाहायला जावं आणि मुक्काम रेल्वे आणि बस दोन्ही मिळतील तिथं करावा.

कोणतं गाव कशासाठी?

- मॉर्टन-इन-मार्श: उत्तर भागासाठी सर्वांत सोयीचं. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून थेट रेल्वेने साधारण दीड ते पावणेदोन तास लागतात. स्टेशन मुख्य रस्त्यापासून पायी काही मिनिटांवर आहे. स्टो-ऑन-द-वोल्ड सुमारे ७ आणि बोर्टन सुमारे १३ किलोमीटरवर असून ८०१ क्रमांकाची बस ही गावं जोडते. चिपिंग कॅम्पडेनलाही इथून बस आहे. दर मंगळवारी इथे मोठा आठवडी बाजार भरतो.
- चेल्टनहॅम: एक लाखाहून जास्त वस्तीचं शहर. सुपरमार्केट, भारतीय रेस्टॉरंट, दवाखाने सगळं जवळ. सोबत आजी-आजोबा, लहान मुलं किंवा शाकाहारी मंडळी असतील तर इथं ओढाताण कमी होते. फक्त रेल्वे स्टेशन मध्यवर्ती भागापासून थोडं दूर आहे, आणि खेड्यातल्या शांततेची अपेक्षा इथं ठेवू नये.
- सायरनसेस्टर: दक्षिण भागासाठी योग्य, बायबरी इथून जेमतेम ११ किलोमीटर. रोमन काळातलं हे महत्त्वाचं शहर होतं. मात्र इथं स्टेशन नाही. सर्वांत जवळचं स्टेशन केंबल, सुमारे साडेसहा किलोमीटरवर.

उत्तर आणि दक्षिण दोन्ही भाग पाहायचे असतील, तर एकाच गावावर अडून न बसता दोन मुक्काम करणं शहाणपणाचं.

शेवटची बस कधीची?

हॉटेल बुक करण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा. इथल्या अनेक बस संध्याकाळी लवकर बंद होतात. रविवारी फेऱ्या कमी असतात, काही मार्गांवर तर नसतातच. शेवटची बस चुकली तर टॅक्सीशिवाय पर्याय राहत नाही आणि छोट्या गावात ती लगेच मिळेलच असं नाही. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२५ मध्ये बहुतेक स्थानिक बसच्या एकेरी तिकिटावर ३ पौंडांची मर्यादा आली, त्यामुळे टॅक्सीचा खर्च आणखी डोळ्यांत भरतो.

ऋतूही महत्त्वाचा. जूनमध्ये रात्री साडेनऊच्या सुमारासही उजेड असतो, तर डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी मुक्काम आणखी जवळचा निवडावा.

गाडी भाड्याने घेतली तर?

मग गणित बदलतं. स्टेशनची गरज उरत नाही, एखाद्या लहान खेड्यातही राहता येतं. ब्रिटनमध्ये भारतासारखीच डाव्या बाजूने गाडी चालवतात आणि पर्यटकांना भारतीय लायसन्सवर १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. मात्र गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या वयाच्या व इतर अटी आधी वाचाव्यात. गावांतले रस्ते अरुंद असतात, म्हणून हॉटेलला स्वतःचं पार्किंग आहे का, हेही पाहावं.

बुकिंगआधी काय तपासावं?

- पाहायच्या गावांची यादी करून ती नकाशावर खुणा करून पाहावी.
- ज्या तारखांना जायचं, त्याच वारांचं बसचं वेळापत्रक पाहावं.
- हॉटेल ते बसथांबा किंवा स्टेशन हे अंतर सामानासह चालता येईल का, ते बघावं.
- रात्रीचं जेवण किती वाजेपर्यंत मिळतं, हे विचारून घ्यावं.

या चार गोष्टी जुळल्या की मुक्कामाचं गाव ठरलं. ते फोटोत थोडं साधं दिसलं तरी चालेल, दिवसभर फिरायला सुंदर गावं आहेतच.