खानदेशातील भूजल आणि परवान्याचा प्रश्न

वर्धा खोऱ्यात कोळशाची मोठी खाण काढावयाची तर खडकांचे थर, जलधर व पाणीपातळी यांची माहिती आधी द्यावी लागते. १९९४ च्या पर्यावरणीय अधिसूचनेने ही अट दृढ केली. खानदेशात कोळसा नाही. धुळ्याकडे बेसाल्ट, तर यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जाड गाळ. त्यातील पाण्यावर केळी उभी राहिली. विहिरींमागून कूपनलिका आल्या व खोल जात राहिल्या. त्यांच्यासाठी मात्र असा अहवाल कायद्याने बंधनकारक नव्हता, कारण १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाने भूमीखालील पाणी जमीनमालकाच्या हाती सोपविले होते. जलधराला खाणीचा उपसा आणि केळीचा उपसा यांत भेद कळत नाही. १९९३ च्या भूजल अधिनियमाचे लक्ष प्रामुख्याने पेयजलस्रोतांकडे होते. अधिसूचित क्षेत्रांत शेतीसाठी ६० मीटरहून खोल विहिरीस मनाई आली ती २००९ च्या अधिनियमाने.